गोव्याच्या स्टॉपरचं ऋण मुंबई-पुण्यावर आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर युरोपातल्या फुटबॉल प्रशिक्षकांबद्दल जे छापून येतं ते मी आवडीनं वाचतो. पण एक गोष्ट बरीच वर्षं मनात सलते आहे, म्हणून हे पत्र. मुंबईच्या क्लबला पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकून देणारा आणि त्याच लीगच्या पुढच्या अवतारात, म्हणजे आय-लीगमध्ये, पुण्याला दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेणारा प्रशिक्षक एकच आहे, आणि तो आपल्या शेजारचा, गोव्याचा आहे. डेरिक परेरा. क्रिकेटचे धावफलक तोंडपाठ असलेल्या माझ्या मित्रांना मी हे नाव विचारून पाहिलं. एकालाही सांगता आलं नाही.

परेरा हे गोव्याच्या साळगावकर क्लबचे खेळाडू. बचावाच्या मधोमध, आपण ज्याला स्टॉपर म्हणतो त्या जागी खेळायचे. भारताकडूनही खेळले. साळगावकरनं 1988 आणि 1989 असा लागोपाठ दोनदा फेडरेशन करंडक, म्हणजे देशातल्या क्लबांची बाद फेरीची स्पर्धा, जिंकला, तो हाच काळ. गोल करणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात येतं. स्टॉपरचं येतं ते चुकला तरच.

मी स्वतः शाळेच्या संघात स्टॉपर होतो. ज्याला चेंडू घेऊन पळता येत नाही त्याला मागे उभं करायचं, असा आमच्या सरांचा हिशेब होता. सामना संपला की माझे पाय नाही, घसा दुखायचा. कारण तिथं उभं राहून नव्वद टक्के काम तोंडानं करावं लागतं. ‘डावीकडे सरक’, ‘मागचा बघ’, ‘आत घेऊ नकोस त्याला’, ‘चला, वर चला’. समोर अख्खं मैदान दिसत असतं आणि जे दिसतं ते बाकीच्या दहा जणांना वेळेत सांगायचं असतं. प्रशिक्षकाचं काम याहून फार वेगळं नाही, हे मला परेरांचे संघ बघताना कळलं.

2005-06 च्या मोसमात, ते प्रशिक्षक असताना, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं फेडरेशन करंडक आणि नॅशनल फुटबॉल लीग दोन्ही जिंकलं. लीग सुरू झाल्यापासून ते विजेतेपद कोलकाता, गोवा आणि पंजाबबाहेर गेलंच नव्हतं. ब्राझीलचा होजे बारेटो त्या संघात होता, आपला मुंबईचा स्टीव्हन डायस होता. कूपरेजवर खेळणाऱ्या संघानं कोलकात्याच्या मोहन बागान, ईस्ट बेंगालला मागे टाकून देशाची लीग जिंकली, आणि मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर हे मैदान असूनही शहराला त्याचा पत्ता लागला नाही. 2010 मध्ये तो संघ बंद झाला, तेव्हाही नाही.

पुण्याचं मी डोळ्यांनी पाहिलं. 2009 मध्ये परेरा पुणे एफसीकडे आले आणि आय-लीगच्या पहिल्याच मोसमात संघ तिसरा आला. 2012-13 मध्ये दुसरा, फक्त गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागे. बालेवाडीला आम्ही दोघं-तिघं दुपारच्या उन्हात बसनं जायचो. एवढ्या मोठ्या स्टेडियमात माणसं विखुरलेली असायची, त्यामुळे मैदानावरचा आरडाओरडा वरपर्यंत स्पष्ट ऐकू यायचा. मी मुद्दाम गोलच्या मागच्या बाजूला बसायचो. तिथून बचावाची रांग दिसते. चेंडू लांब फेकला गेला की पुण्याचे चारही बचावपटू एका दोरीला बांधल्यासारखे एकदम वर सरकायचे. एक जरी मागे रेंगाळला तरी समोरचा आक्रमक ऑफसाइड, म्हणजे नियमबाह्य जागी, ठरत नाही, सगळी मेहनत वाया जाते. त्यांच्यात तो रेंगाळणारा क्वचितच दिसायचा. ही शिस्त सरावातल्या शेकडो संध्याकाळींतून येते. परतताना हायवेवर बसची वाट बघत आम्ही त्याच चार जणांबद्दल बोलायचो. पुढे तो क्लबही गेला.

मग आयएसएल (इंडियन सुपर लीग) आली, पैसा आला, आणि बरीच वर्षं मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची परदेशी माणसासाठीच राखीव असल्यासारखी झाली. डिसेंबर 2021 मध्ये एफसी गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरान्डो मोसम अर्धवट टाकून कोलकात्याच्या क्लबकडे गेले, तेव्हा एफसी गोवाला परेरा आठवले. स्वतःच्या राज्यात, पण करोनामुळे रिकाम्या स्टँडसमोर, दुसऱ्यानं बांधलेला संघ त्यांना चालवावा लागला. गोवा नववा आला. तो निकाल चांगला नव्हता, हे मी मान्य करतो. पण मोसमाच्या सुरुवातीपासून संघ हातात देऊन त्यांची पारख करायची कुणालाच गरज वाटली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढच्या मोसमात त्यांच्या जागी कार्लोस पेन्या आला. तोही एफसी गोवाचा जुना स्टॉपरच, फक्त स्पेनचा.

2025 मध्ये खालिद जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2012 मध्ये गोव्याचेच साविओ मेदेरा पायउतार झाल्यावर ही जबाबदारी भारतीय माणसाकडे यायला तेरा वर्षं लागली. जमील हेही महिंद्राकडून खेळलेले. मुंबईच्या त्या मैदानांवर काहीतरी पेरलं गेलं होतं, ते उगवताना दिसतं आहे, आणि म्हणूनच ते कुणी पेरलं हे लिहून ठेवायला हवं.

माझी विनंती एवढीच, की आपण डेरिक परेरा यांची सविस्तर मुलाखत घ्यावी. अर्ध्या कॉलमची नको, रविवारच्या पुरवणीतलं पूर्ण पान द्यावं. 2006 च्या त्या संघाचा सराव कसा चालायचा, पुण्यात चार बचावपटूंना एका रांगेत आणायला किती दिवस लागले, साळगावकरमध्ये त्यांना कुणी काय शिकवलं, हे सगळं मराठीत यावं. त्यांच्याबरोबर त्या संघातले खेळाडू आणि मैदानं राखणारे माळी यांनाही बोलतं करावं. महिंद्रा नाही, पुणे एफसी नाही. पण ही माणसं आहेत, आणि कूपरेज-बालेवाडीवरचं त्यांना अजून आठवत असेल.

आपला,
एक जुना वाचक, पुणे