विहिरीमागच्या रायवळाची किंमत

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, लाकडाचा व्यापारी विहिरीमागच्या रायवळ आंब्याच्या झाडाचे १८,००० देतोय, त्यात पडवीची कौलं होतील, असं काल तुम्ही म्हणालात. मी गप्प बसले. फोनवर धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहितेय.

खोडातली ढोली दाखवून त्याने २,००० कमी केले म्हणे. बाबा, ती ढोली म्हणजे धनेश पक्ष्याचं घर. मादी आत शिरून विष्ठेने तोंड लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर बाहेरून फळं आणून भरवत राहतो. अशी ढोली जुन्याच झाडाला मिळते. व्यापाऱ्याच्या लेखी ते वाया गेलेलं लाकूड!

मी वर्गात अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथचं १७७६ सालचं कोडं शिकवते. पाण्यावाचून जीव जातो तरी ते स्वस्त, हिऱ्यावाचून काही अडत नाही तरी तो महाग, असं का? पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर दिलं, भाव ठरतो तो आणखी एका घोटाचा, सगळ्या पाण्याचा नव्हे. खरं आहे. पण मग विहीर आटेपर्यंत पाण्याची किंमत कुणाला कळतच नाही. स्मिथच्या शंभरेक वर्षं आधी विल्यम पेटीने श्रमाला संपत्तीचा बाप म्हटलं आणि जमिनीला आई. नंतर बापावर ग्रंथच्या ग्रंथ झाले. आईचं काम मात्र, आई, तुझ्या कामासारखंच, कुणी मांडून ठेवलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने एका झाडाचं मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरलं, त्यात ४५,००० नुसत्या ऑक्सिजनचे. मला तो आकडा पुरता पटत नाही. आईने सुपात वाळवलेली आंब्याची साठं त्यात कुठे बसवायची? तरी कोर्टात झाडाच्या नावापुढे शून्य असण्यापेक्षा तो बरा.

कौलांचं काम थांबवू नका, पैसे मी पाठवते. बाबा, परत करायचं मनातही आणू नका, त्याच झाडाच्या आंब्यांवर मी वाढलेय. व्यापाऱ्याला नाही म्हणून सांगा.

आई, यंदा मादीने ढोली लिंपली का, ते बघून कळव.

तुमची लेक