लेकराचं रक्त लेकरातच राहू द्या

माननीय वैद्यकीय शिक्षण मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

माझ्या मुलीच्या हृदयाला छिद्र होतं. ऑपरेशन इथेच नागपुरात, ऐन मे महिन्यात झालं. तिचं वजन सहा किलो. "चार डोनर आणा," असं रुग्णालयातून सांगितलं. कॉलेजं बंद, पारा ४५ वर. कसेबसे सहा जण गोळा केले, त्यातले तिघं हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली म्हणून परत आले. आणि तपासण्यांसाठी पोरीचं रक्त रोज काढणं चालूच. माझी आई नर्सबाईंना म्हणाली, "अजून किती काढता जी लेकराचं?"

नंतर मी डॉक्टरांकडून समजून घेतलं. सहा किलोच्या बाळाच्या अंगात जेमतेम अर्धा लिटर रक्त असतं. ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या यंत्राच्या नळ्या आधी द्रवानं भराव्या लागतात. तो द्रव बाळाच्या रक्तात मिसळला की रक्त पातळ होतं, म्हणून बाहेरचं रक्त घालावं लागतं. नळ्या आखूड आणि बारीक केल्या, रक्तात प्राणवायू मिसळणारा भाग (ऑक्सिजनेटर) छोटा वापरला, पंप टेबलाजवळ आणला, जास्तीचं पाणी गाळून काढलं, तर बऱ्याच मुलांना बाहेरचं रक्त लागत नाही. काही आठवडे आधी लोह देऊन हिमोग्लोबिन वाढवलं तर आणखी सोपं. ह्यूस्टनच्या डॉ. डेंटन कूली यांच्या चमूनं रक्त न चढवता केलेल्या ५४२ शस्त्रक्रियांचा अहवाल १९७७ सालीच छापला. ते रुग्ण धर्मश्रद्धेमुळे रक्त नाकारणारे होते, सर्वात लहान एक दिवसाचं.

रक्त टाळण्याचं आपलं कारण वेगळं आहे. विदर्भात सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या अनेक मुलांना बाहेरच्या रक्ताशिवाय गत्यंतर नाही. त्यांच्या वाट्याची पिशवी आपण टाळता येईल तिथे का वापरावी? शिवाय बाहेरच्या रक्तातून धोका येऊ शकतो. २०२२ साली याच नागपुरात थॅलेसेमियाची चार मुलं रक्त घेतल्यानंतर एचआयव्हीबाधित आढळली, एक दगावलं. ती बातमी वाचली तेव्हा मी मुलीला जवळ घेऊन बसलो होतो.

गुंतागुंतीच्या ऑपरेशनला, अगदी तान्ह्या बाळांना रक्त लागणारच, ते हाताशी हवंच. पण मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयाला लहान मुलांसाठीचे यंत्राच्या नळ्यांचे संच आणि ते यंत्र चालवणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ (परफ्युजनिस्ट) पुरेसे द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत हृदयाला छिद्र सापडलं की त्याच दिवशी हिमोग्लोबिन तपासून लोह सुरू करा, ऑपरेशनच्या तारखेची वाट पाहू नका.

आणि एक आदेश तर याच आठवड्यात निघू शकतो: बालरुग्णांचं रक्त लहान नळ्यांतच घ्यावं आणि एकाच नमुन्यात होतील तेवढ्या तपासण्या कराव्यात. माझ्या आईला त्याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं.

आपला,
एका मुलीचा बाप, नागपूर