रात्रीचा दर्प आणि सकाळची तपासणी

महोदय,

थंडी सुरू झाली की पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीभोवतीच्या वस्त्यांत रात्री खिडक्या घट्ट लावूनच झोपावे लागते. कळंबोली, रोडपाली, नावडे, तळोजा पाचनंद, खारघरची तळोज्याकडची बाजू, सगळीकडे हीच गत. कधी सडक्या अंड्यांचा वास, कधी डोळे चुरचुरवणारा दर्प. लहान मुले खोकत उठतात. तक्रार केली की प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस येतो तो दुसऱ्या दिवशी, दहा-अकराच्या उन्हात. तोवर हवा स्वच्छ झालेली असते आणि 'काही आढळले नाही' असा शेरा पडतो.

यात गूढ काही नाही. दिवसा खारे वारे धूर डोंगराच्या दिशेने ढकलतात. रात्री मतलई वारे तोच धूर वस्त्यांवर आणतात, आणि हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा तो वर जाऊ देत नाही. म्हणजे दिवसाच्या तपासणीत रात्रीचे सत्य सापडणे अवघडच. जे वाऱ्याचे तेच ओहोटीचे. कासाडी नदीत कारखान्यांचे काळे पाणी आले तरी भरती-ओहोटीच्या फेऱ्यात ते खाडीत पसरून जाते. मागे राहतात बोय, निवट्या असे मेलेले मासे. जिताड्यासाठी जाळे टाकणाऱ्या कोळी-आगरी कुटुंबांनी ते कोणाला दाखवायचे?

१९८१ च्या हवा प्रदूषण कायद्यातील कलम २६ आणि १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यातील कलम २१ यांनी नमुना घेण्याची रीत ठरवली आहे. अधिकाऱ्याने कारखान्याला जागच्या जागी नोटीस द्यायची, ठरल्या पद्धतीने नमुना सीलबंद करायचा; तसे झाले नाही तर अहवाल पुरावा म्हणून चालत नाही. ही अट रास्त आहे, कारखानदारालाही न्याय हवाच. पण मग रहिवाशाने बाटलीत भरून आणलेल्या पाण्याला या रीतीत जागा नाही आणि अधिकारी वेळेवर येत नाही. नागरिकाला स्वतः फौजदारी तक्रार करायची तर आधी ६० दिवसांची नोटीस.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यातली कुत्री कारखान्यातल्या रंगाने निळी झाली तेव्हा छायाचित्रे जगभर पोहोचली आणि संबंधित कारखाना बंद करण्यात आला. ते योग्यच झाले. मात्र तीच हवा घेणारे माथाडी कामगार, भंगाराच्या गाळ्यांत राबणारी परप्रांतीय पोरे, गावठाणातल्या म्हाताऱ्या यांची छायाचित्रे कोण काढणार? उंच इमारतींतला रहिवासी निदान समाजमाध्यमांवर आवाज उठवतो. यांच्यापैकी कित्येकांना तक्रार कुठे करायची हेही ठाऊक नाही.

त्यातच २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मंजूर औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. वसाहत वसली तेव्हा भोवती शेते होती, आज दाट शहर आहे. कुंपणाला लागून हजारो घरे असताना त्यांना न विचारता नवे रासायनिक कारखाने येऊ देणे हा सरळ अन्याय आहे.

तपासणी पथक रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत फिरते ठेवावे. वस्तीच्या कडेला आणि कासाडीच्या मुखाशी चोवीस तास चालणारी मापनयंत्रे बसवून आकडे तिथेच मराठी फलकावर दाखवावेत. आणि वस्तीला खेटून असलेल्या वसाहतींसाठी जनसुनावणीची सूट काढून टाकावी, असा ठराव पनवेल महापालिकेने करून केंद्राकडे पाठवावा.

– एक रहिवासी, कळंबोली