तुझा तो पालेकर

प्रिय लेकरा,

परवा फोनवर जास्त बोलले. तू फोन ठेवलास ते बरंच केलंस, नाहीतर अजून बोलले असते. आता व्हॉट्सॲपवर एका बोटाने टाईप करतेय, चुका निघतील, बाबांना दाखवू नकोस, ते आधी शुद्धलेखन बघतात.

सिरियलमधला हिरोचा भाऊ सोडून तू कुणाच्यातरी हाताखाली असिस्टंट होणार, निम्म्या पैशात, आणि वर मला म्हणालास "आई, तुझा तो पालेकर पण डायरेक्टर झालाच की." त्यावर मला तेव्हा काही सुचलं नाही पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

माझा अमोल पालेकर म्हणजे काय तर 'रजनीगंधा', 'छोटी सी बात', 'चितचोर', बसस्टॉपवर उभा राहून लाजणारा, आपल्या घरातला वाटणारा. तुझ्या बाबांचं स्थळ आलं तेव्हा फोटोत अगदी तसाच भांग होता, खरं सांगायचं तर निम्मं लग्न त्या भांगामुळे झालं. आणि अशा माणसाने 1981 ला पहिला सिनेमा काढला कोणता, तर 'आक्रीत'! परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खुनांवर. तुला माहीतच आहे आपलं माहेर परभणीचं, मी नऊ-दहा वर्षांची असेन, ते प्रकरण चालू होतं तेव्हा दिवेलागणीनंतर आम्हाला अंगणातसुद्धा जाऊ देत नव्हते, गुप्तधनासाठी बायकामुलींना मारतात असं आजी कुजबुजायची आणि आम्ही चौघी एका गोधडीत झोपायचो. पुढे कॉलेजात असताना औरंगाबादला मामाने 'पालेकरचा पिक्चर' म्हणून मला नेलं. मी आपली हौसेने गेले. आणि पडद्यावर तो क्रूर माणूस म्हणजे हाच! स्वतःच्याच सिनेमात स्वतःलाच तसलं काम घेतलेलं, लिहिलेलं विजय तेंडुलकरांचं. मला इतका राग आला होता की मध्येच उठून बाहेर आले, मामा हसत होता.

तोच राग परवा तुझ्यावर निघाला असं मला आता वाटतंय. शेजारच्या काकू "तुमचा मुलगा काय गोड दिसतो" म्हणतात ते मला ऐकायचं असतं बाबा, क्लॅप देणारा मुलगा कुणाला दिसतो? 'गोलमाल'साठी फिल्मफेअर घेऊन दोन वर्षं होतात न होतात तोवर त्याने हे केलं, आणि लोकांना अजून तेच लाजणं हवं होतं, म्हणजे मलाच हवं होतं. नंतर त्यानेच काढलेला 'अनकही' आला, तो बाबांनी दोनदा पाहिला पण ते भीमसेनजींच्या गाण्यासाठी, त्या गाण्याला नॅशनल अवॉर्ड मिळालं होतं. टीव्हीवर त्याची 'कच्ची धूप' मालिका लागायची तेव्हा मात्र मी पोळ्या अर्धवट टाकून यायचे. त्याचा 'बनगरवाडी' तर तुला मांडीवर घेऊन पाहिलाय, तू रडलास म्हणून शेवट चुकला. आणि त्याने काढलेला शाहरुखचा 'पहेली' ऑस्करला पाठवला तेव्हा मी सगळ्यांना असं सांगत होते जसं काय मीच पाठवला.

पण एक गोष्ट तू सोयीस्कर विसरतोस. तो ॲक्टर होता आणि मग डायरेक्टर झाला असं नाहीये ते. मुळात जेजे आर्ट स्कूलमध्ये चित्रकला शिकलेला, मग सत्यदेव दुबेंकडे नाटक, बँक ऑफ इंडियात नोकरी, आणि 1972 ला स्वतःची 'अनिकेत' संस्था काढून नाटकं बसवत होता, 'रजनीगंधा' आला 1974 ला! म्हणजे स्टार व्हायच्या आधीच तो बसवणारा होता, हिरोगिरी मध्येच आली. आणि पोटाला बँकेची नोकरी होती तेव्हा.

तू शेवटचं काय बसवलंस? कॉलेजची एकांकिका, तिलाही आठ वर्षं झाली, बक्षीस प्रकाशयोजनेला मिळालं होतं, डायरेक्शनला नाही (राग मानू नको, मी समोर बसले होते). सिरियलचे बारा-बारा तास आणि पेमेंट नव्वद दिवसांनी, त्यात जीव रमत नाही हे मला कळतं, पण रविवारी चार पोरं जमवून एक छोटं नाटक का नाही बसवलंस हे मला खरंच विचारायचंय, भांडायला नाही.

असिस्टंट हो. मी अडवत नाही. फक्त त्या माणसाच्या मागे उभं राहून नुसती कंटिन्युइटी लिहीत बसू नको, तो शॉट तिथेच का लावतो ते विचारत जा, शिव्या खाल्ल्यास तरी चालेल.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. चिवडा आणि मेतकूट बसने पाठवलंय, बोरिवलीला उतरून घे. आणि पुढच्या महिन्यापासून मालाडच्या खोलीचं भाडं कसं भरणार तेवढं मला सांग, पण फोन साडेदहानंतर कर, बाबा झोपल्यावर.

आई