सुन्या, तुला एक सांगायचं राहिलंय

प्रिय सुन्या,

दिवाळीत तुझा फोन आला तो उचलला नाही, मग नंतर करू नंतर करू म्हणत राहूनच गेला, रागावू नकोस. इकडे सगळे बरे आहेत. माझी शुगर गोळ्यांवर आहे, आईचे गुडघे तसेच.

परवा मनूला घेऊन मुंबईला गेलो होतो, मुद्दाम बोटीत बसायला. सकाळची डेक्कन क्वीन आणि मग भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रोरो. गाड्यासुद्धा चढवतात तिच्यात, तासाभरात पलीकडे. मनूला मर्चंट नेव्हीत जायचंय. हो, तेच. एक वर्षाचा डीएनएस, म्हणजे जहाज चालवण्याचा डिप्लोमा, मग दीड वर्ष डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून जहाजावर. शुभाला रात्रीची झोप नाही. मी म्हटलं एकदा जवळून बघू दे, घाबरली तर प्रश्नच मिटला.

घाबरते कसली! (सिंहगडाच्या एसटीत प्रत्येक वळणाला ओकणारा तू होतास, ही नाही.) वरच्या डेकवर उभं राहून मलाच शिकवत होती. जवाहर द्वीपाला टँकर लागलेले, लांब न्हावाशेव्याच्या क्रेन, मधे नांगर टाकून उभी असलेली जहाजं आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या कोळ्यांच्या होड्या, अगदी गणपतीतला लक्ष्मी रोड. "बाबा, बंदरात शिरताना लाल बोया, म्हणजे ती पाण्यातली तरंगती खूण, डावीकडे ठेवायचा, हिरवा उजवीकडे, आपण बाहेर चाललोय म्हणून उलटं दिसतंय." एक कंटेनरचं जहाज बाहेर निघालं होतं, आमची रोरो हळू झाली. खोल पाणी चॅनेलमध्येच, म्हणजे मोठ्या जहाजांच्या ठरलेल्या वाटेतच असतं, त्या धुडाला बाजूला होता येत नाही, आपणच व्हायचं, हेही तिनेच सांगितलं.

आणि मग त्या जहाजाच्या कुशीवरून पायलट, म्हणजे जहाजाला बंदरातून वाट दाखवणारा माणूस, उतरताना दिसला. दोराची शिडी, लाकडी पायऱ्या, खाली त्याची लाँच तेवढ्याच वेगाने चाललेली. जहाज थांबत नाही रे त्याच्यासाठी. लाँच लाटेवर वर आली तसा त्याने शिडी सोडली आणि आत पाय टाकला. तो आत गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी मनूच्या सॅकचा पट्टा मुठीत धरून उभा होतो. ती म्हणाली, "बाबा, सोडा ना."

तेव्हापासून तू डोक्यात आहेस. तुझं कॉल लेटर आलं तेव्हा मावशींनी मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं होतं, तो तुझं ऐकतो, तूच सांग पाठवू का. मी म्हणालो, नका पाठवू. तू जाशील आणि मी इथे एकटा पडेन, एवढंच होतं माझ्या डोक्यात. तुला मात्र मावशीच ऐकत नाहीत म्हणून सांगितलं, आणि तू वर्षभर त्यांच्याशी धड बोलला नाहीस. लकडी पुलावर आपलं भांडण झालं त्या दिवशी सांगणार होतो, जीभच रेटली नाही. मावशी गेल्या तेव्हाही नाही.

आता फॉर्मवर माझी सही हवीये आणि शुभा अगदी माझंच तेव्हाचं वाक्य बोलते.

घराचं प्लास्टर झालं का? वहिनींच्या बदलीचं काय? चिन्मयला आशीर्वाद.

शिव्या घालायच्या असतील तर फोन कर, मी उचलेन. नाहीतर रविवारी ये. मनूला तुझ्याशी बोलायचंय. तिला तू काय सांगशील ते सांग, मी आतल्या खोलीत बसेन, मधे बोलणार नाही.

तुझा,
अव्या