परसात सफरचंद लावण्याआधी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "कुठलं झाड आणू?" तेव्हा मी मुद्दाम लगेच नाव सांगितलं नाही. जातींची नावं, खुंटाचे आकडे, फुटा-इंचाची मापं फोनवर सांगितली की अर्धी राहून जातात. म्हणून सगळं लिहून पाठवते आहे. कागदावर छापून घ्या, म्हणजे नर्सरीशी बोलताना हाताशी राहील.

आधी हनीक्रिस्प या जातीचं सांगते, कारण आई, तुझं मन त्यावर आहे. खायला ते उत्तमच, पण घरच्या झाडाला ते सांभाळायला अवघड. त्यावर भुरी (पांढऱ्या पिठासारखी बुरशी) पडते आणि कॅल्शियम कमी पडलं की फळावर तपकिरी, कडवट खड्डे येतात. गाला ही जात तर मुळीच नको. तिला स्कॅब (पाना-फळांवर डाग आणि खपली आणणारी बुरशी) होतो आणि फायर ब्लाइटही (शेंडे करपवणारा जीवाणूंचा रोग). न्यू जर्सीतला वसंत ओला असतो, त्यामुळे इथले बागायतदार कोंब हिरवे दिसायला लागल्यापासून दर सात-दहा दिवसांनी औषध मारतात, तेव्हा कुठे दुकानात तसं तुकतुकीत फळ येतं. तुम्ही दोघांनी या वयात पाठीवर पंप घेऊन झाडाभोवती फिरावं असं मला अजिबात वाटत नाही. ते टाळायचा मार्ग एकच, सुरुवातीलाच झाड नीट निवडणं. लावून झाल्यावर जात बदलता येत नाही.

नर्सरीच्या पाटीवर 'रोगप्रतिकारक' असं मोघम लिहिलेलं असतं. तुम्ही उलट विचारायचं, "कोणत्या रोगाला?" सफरचंदाचे मुख्य रोग चार: स्कॅब, तांबेरा, फायर ब्लाइट आणि भुरी. चारही रोगांपुढे सारखीच टिकेल अशी जात जवळजवळ नाहीच, म्हणून आपल्या जागेत कोणता रोग जास्त येणार हे आधी पाहायचं.

तुमच्या जागेत तो तांबेरा आहे. शेजारच्या कुंपणाला लागून रेड सीडरच्या सदाहरित झाडांची रांग आहे ना, तिच्यामुळे. हा तांबेरा एका झाडावर जगत नाही, त्याला सीडर आणि सफरचंद दोन्ही लागतात. आत्ता नोव्हेंबरमध्ये जाऊन सीडरच्या बारीक फांद्या बघा. तपकिरी, टणक, वर गोल गोल खळगे असलेल्या गाठी दिसतील, काही वाटाण्याएवढ्या, काही गोल्फच्या चेंडूएवढ्या. वसंतात, सफरचंद फुलावर येण्याच्या सुमाराला, दोन-चार पाऊस झाले की याच गाठींतून जेलीसारखी लिबलिबीत, झगझगीत नारिंगी शिंगं बाहेर येतात. त्यांतले बीजाणू वाऱ्याने सफरचंदाच्या कोवळ्या पानांवर जातात. आधी पिवळे ठिपके पडतात, मग ते नारिंगी होतात, त्यांच्या मध्ये काळे टिंब येतात आणि उन्हाळ्यात पानाच्या खालच्या बाजूला बारीक नळ्या फुटतात. त्या नळ्यांतले बीजाणू परत सीडरवर जातात. सफरचंदावरून सफरचंदावर हा रोग जात नाही. म्हणून गळलेली पानं कितीही गोळा केली तरी तांबेरा कमी होत नाही. शेजाऱ्यांना सीडर तोडायला सांगूनही फारसं साधणार नाही, कारण हे बीजाणू मैलभर लांबूनही येतात. फुकट वाईटपणा घेऊ नका. तांबेरा न घेणारी जात लावायची, एवढंच आपल्या हातात आहे.

याच कारणाने गोल्डरश ही जात तुमच्या यादीतून काढा. फळ फार सुंदर असतं, स्कॅबला दाद देत नाही आणि थंड जागी वसंतापर्यंत टिकतं, पण तांबेऱ्यापुढे सपशेल हरतं. प्रिमा या जातीचंही तेच. सीडर नसलेल्या गावात मी गोल्डरश डोळे मिटून सुचवलं असतं.

स्कॅबचं वागणं वेगळं आहे. ही बुरशी गेल्या वर्षीच्या गळलेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंताच्या पावसात तिचे बीजाणू वर उडतात. पान ओलं राहिलं की रोग लागतो. हवा १६ ते २४ अंश सेल्सियस असेल तर सहा ते नऊ तासांची ओल पुरते. पानावर आधी शेवाळी रंगाचे मखमली डाग येतात, मग पान पिवळं पडून गळतं. फळावर खपली धरते आणि फळ वाढताना तिथेच तडकतं. म्हणून झाड सकाळचं ऊन पहिल्यांदा पोचेल अशा जागी लावा, म्हणजे दव लवकर सुकतं. दिवसाला सहा ते आठ तास ऊन हवंच. गॅरेजमागची जागा दुपारपर्यंत सावलीत असते, ती नको.

स्कॅब न घेणाऱ्या जातींची गोष्ट तुमच्या घराच्या अगदी जवळची आहे. मालुस फ्लोरिबुंडा नावाचं एक शोभेचं जपानी रानटी सफरचंद आहे, फळं बोराएवढी. त्याच्यातला स्कॅबरोधक गुण खायच्या सफरचंदात आणायला पर्ड्यू, रटगर्स आणि इलिनॉय या तीन विद्यापीठांनी मिळून काम केलं. रानटी झाडाशी संकर केला की फळ बारीक होतं, म्हणून पुढच्या प्रत्येक पिढीत चांगल्या, मोठ्या फळाच्या जातीशी परत संकर करत जावं लागलं. पहिली जात, प्रिमा, बाहेर यायला १९७० साल उजाडलं. तिन्ही विद्यापीठांची आद्याक्षरं पी-आर-आय. ही तीन अक्षरं प्रिमा, प्रिसिला, प्रिस्टीन, एंटरप्राइज या नावांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये लपवलेली आहेत. रटगर्स म्हणजे तुमच्या शेजारच्या न्यू ब्रन्स्विकचंच. हा गुण मुख्यतः एकाच जनुकावर उभा आहे आणि युरोपात काही ठिकाणी स्कॅबच्या नव्या प्रकारांनी तो भेदलाही आहे. म्हणून झाड प्रतिकारक असलं तरी शरद ऋतूत गळलेली पानं गोळा करा, नाहीतर त्यांच्यावरून मोअर फिरवून बारीक भुगा करा. तेवढं एक काम सोडू नका.

आता तुमच्यासाठी मी निवडलेली तीन झाडं. पहिलं विल्यम्स प्राइड, १९८८ सालचं. ऑगस्टच्या सुरुवातीला येतं, गडद लाल असतं, स्कॅब आणि तांबेरा दोन्हींना पुरून उरतं. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, दोन-तीन तोडे करावे लागतात. ते फार दिवस टिकत नाही, येईल तसं खायचं.

दुसरं लिबर्टी, आणि एकच झाड लावायचं असतं तर मी हेच लावायला सांगितलं असतं. न्यू यॉर्क राज्यातल्या जिनिव्हा केंद्राने १९७८ मध्ये दिलेली ही जात स्कॅब जवळजवळ घेतच नाही, तांबेऱ्याला पक्की आणि फायर ब्लाइटलाही चांगली टिकते. भुरी मात्र थोडी येऊ शकते. सप्टेंबरच्या अखेरीला तयार होते. चव आंबट-गोड, मॅकिंटॉश जातीच्या सफरचंदाच्या वळणाची. आई, साखरांब्यासारखं काही करायचं असेल तर हीच घे.

तिसरं एंटरप्राइज, १९९३ सालचं. ऑक्टोबरच्या मध्याला येतं, साल जाड असते आणि महिनाभर ठेवलं की चव सुधारते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात छिद्रं पाडलेल्या पिशवीत ठेवलं तर हिवाळा निघतो. फायर ब्लाइटला ते चांगलं दणकट आहे. सालीमुळे बाबांच्या दातांना त्रास होईल, तेव्हा सोलून द्यावं लागेल.

दोन वेगळ्या जाती जवळ असल्याशिवाय फळ नीट धरत नाही, कारण सफरचंदाला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. लिबर्टीशेजारी लिबर्टी लावून उपयोग नाही. या तिघांची फुलं एकमेकांना गाठतात, लिबर्टी दोघांच्या मधोमध लावा. चौथं झाड घेऊ नका. चांगलं वाढलेलं बुटकं झाडसुद्धा २० किलोच्या पुढे फळ देऊ शकतं.

आता खुंट. याकडे लोक सगळ्यात कमी बघतात. नाशिककडे द्राक्षाचं कलम डॉगरिजच्या खुंटावर भरतात, तसंच सफरचंदाचं असतं. वरची जात फळाचा गुण ठरवते, खालचा खुंट झाडाची उंची ठरवतो. पाटीवर नुसतं 'सेमी-ड्वार्फ' (निमबुटकं) लिहिलेलं झाड घेऊ नका, खुंटाचं नाव विचाराच. एम ९ आणि एम २६ हे खुंट सर्रास मिळतात, पण दोन्ही फायर ब्लाइटला फार हळवे. वरची लिबर्टी ठणठणीत असते आणि रोग खाली खुंटात शिरून अख्खं झाड वाळतं. तुम्ही जिनिव्हा मालिकेतला जी ११ किंवा जी ४१ मागा. झाड आठ-दहा फुटांवर थांबतं, म्हणजे बरीचशी फळं जमिनीवरून काढता येतील. शिडीवर चढायचं नाही हे आपलं ठरलंय. या खुंटांची मुळं झाड पेलत नाहीत, त्यामुळे खांबाचा आधार जन्मभर लागतो. जी ४१ चा कलमाचा जोड शिवाय ठिसूळ असतो. पार्सल उघडताना झाड जोडाच्या वर धरून उचलू नका.

लावणी मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, उघड्या मुळांचं झाड आणून. माती वाफशावर हवी. मुठीत दाबून बोटाने ढकलली की सुटली पाहिजे. रटगर्सच्या प्रयोगशाळेकडून माती आत्ताच तपासून घ्या. सामू (पीएच) ६ ते ६.५ हवा. कमी निघाला आणि चुना घालायला सांगितला तर तो आत्ताच मिसळा, कारण त्याला काम करायला काही महिने लागतात. खड्डा खणण्याआधी ८११ ला फोन करा, ते गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्या जमिनीवर आखून देतात. खणायला माणूस लावा.

दोन झाडांत १० फूट अंतर. मुळं लावण्याआधी एक-दोन तास पाण्यात ठेवा. खड्डा मुळांच्या फैलावाच्या दुप्पट रुंद, पण खोल मात्र मुळांइतकाच. तळाशी खत नको, कोवळी मुळं भाजतात. आणि हे नीट वाचा: खोडाच्या तळाशी जिथे किंचित वाकडी गाठ दिसते, तो कलमाचा जोड जमिनीच्या वर चार इंच राहिला पाहिजे. माती खचते, म्हणून पाणी घालून झाल्यावर परत मोजा. जोड मातीत गेला तर वरच्या जातीला स्वतःची मुळं फुटतात, खुंटाचा बुटकेपणा संपतो आणि झाड २० फुटांकडे निघतं.

खांब दहा फुटी घ्या, दोन-अडीच फूट जमिनीत. खोडाभोवती पाव इंची जाळी दोन फुटांपर्यंत लावा आणि तिचं खालचं टोक मातीत दोन इंच दाबा, नाहीतर बर्फाखाली उंदीर साल कुरतडतात. हरणांसाठी प्रत्येक झाडाभोवती पाच फुटी तारेचा पिंजरा करा. आळ्यात लाकडी चिप्सचं तीन इंच आच्छादन द्या, पण खोडापासून सहा इंच लांब. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल त्या आठवड्यात प्रत्येकी पाच गॅलन पाणी. पहिल्या वर्षी आलेली फुलं खुडून टाका. बाबा, मन घट्ट करा. फायर ब्लाइटचे जीवाणू मुख्यतः फुलांतून शिरतात, आणि कोवळ्या झाडाने आधी मुळं धरायला हवीत.

फायर ब्लाइट ओळखायचा तो असा: शेंडा काळपट होऊन छत्रीच्या मुठीसारखा वळतो आणि पानं करपली तरी गळत नाहीत. फुलोऱ्यात उबदार हवा आणि पाऊस एकत्र आले की तो येतो. दिसला की पहिल्या कोरड्या दिवशी, रोगट भागाच्या खाली १० ते १२ इंच निरोगी फांदीसकट कापा, दर कापाला कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि फांदी कचऱ्यात टाका. नत्राचं खत जास्त झालं की कोवळी फूट वाढते आणि हा रोग नेमका तिच्यावर पडतो. लॉनवर टाकायचं खत झाडाच्या आळ्यापर्यंत येऊ देऊ नका.

या जाती रोग सोसतात, किडे नाही. सोंड्या भुंगा फळावर चंद्रकोरीसारखा काप करतो, नंतर अळ्या येतात. फळं बोराएवढी झाली की प्रत्येक घोसात एकच ठेवून बाकीची काढा, दोन फळांत सहा इंच अंतर पडू द्या आणि राहिलेल्यांना कागदी पिशवी बांधा. खाली पडलेली फळं आठवड्यातून दोनदा उचला, त्यांत अळी असते. ऑगस्टमध्ये सालीवर काजळीसारखे डाग आले तर घाबरू नका. ते वरवरचे असतात, ओल्या फडक्याने घासले की बरेचसे निघतात.

मागणी जानेवारीतच नोंदवा, कारण जिनिव्हा खुंटावरची झाडं वसंतापर्यंत संपतात. लिबर्टी त्या खुंटावर मिळाली नाही तर दुसऱ्या खुंटावर घेऊ नका, वर्षभर थांबू. आणि या शनिवारी सीडरच्या गाठींचा फोटो पाठवा, जवळून, शेजारी एक नाणं धरून. किती आहेत ते मोजता आलं तर तेही कळवा.

तुमची,
ताई