भिंत ओली, दुखणं जमिनीखाली

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की घराच्या डागडुजीवरचे लेख सगळीकडे येतात. गच्चीच्या भेगा, खिडक्यांच्या फटी, रंगाचे किती हात, सगळं सांगतात. पण गच्चीचं पाणी खाली आणणारा पाइप आणि तो जिला मिळतो ती जमिनीखालची लाइन यांचं नाव कोणी काढत नाही. आम्हीही काढलं नव्हतं, म्हणून एकाच भिंतीला तीनदा रंग दिला.

पोपडे दर वेळी त्याच जागी, जोत्यापासून हातभर वर. बिडाचा पाइप समोरून ठणठणीत दिसायचा. मागून हात फिरवला तेव्हा कळलं, भिंतीकडच्या बाजूला ब्रश कधी पोचलाच नव्हता. तिथे उभी चीर होती आणि गंजाचा पापुद्रा बोटाबरोबर निघून आला. 50 चौरस मीटरच्या गच्चीवर 20 मिलिमीटर पाऊस पडला तरी 1000 लिटर पाणी होतं. त्यातलं किती भिंतीने प्यायलं असेल कोण जाणे!

पाइप बदलला, तरी ओल हटेना. मग प्लंबरने बादलीभर पाण्यात रंग कालवून ते पाइपात ओतलं. चेंबरमध्ये पोचली जेमतेम करंगळीएवढी धार. बाकीचं पाणी जोत्याखाली जात होतं. खणलं तर भाजक्या मातीचे जुने दोन-दोन फुटी तुकडे निघाले. म्हणजे दर दोन फुटांवर सिमेंटचा सांधा, आणि एका सांध्यातून मुळांची जटा आत उतरलेली. सगळ्यांनी झाडाला बोल लावला. मला ते पटलं नाही. सांधा आधी फुटतो, ओलीच्या वासावर मुळं मागून येतात.

सगळी लाइन उपटावी लागली नाही, फुटका भागच बदलला. पण जुना मातीचा पाइप आणि नवा पीव्हीसीचा, दोघांची जाडी जुळत नाही. गवंडी तिथे सिमेंट लिंपायला निघाला होता. जमीन जराशी खचली की असा सांधा पुन्हा तडकणार. दोन मापांचा रबरी कपलर आणि स्टीलच्या पट्ट्या, हाच तिथला इलाज. चार इंची पाइपला मीटरमागे 25 मिलिमीटर ढाळ दिला आणि खाली विटांचे टेकू न लावता बारीक खडीची गादी केली.

चर बुजवायची घाई मात्र करू देऊ नये. आम्ही खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरली आणि तासभर पातळी पाहिली. ती उतरली. एका कपलरची पट्टी सैल राहिली होती, ती आवळली आणि मगच माती लोटली.

भिंत अजून पुरती सुकलेली नाही. रंगाचा डबा माळ्यावरच आहे.

आपला,
एक वाचक